धुराड्यात मारलेली हाक

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार
अखेर सदरमध्ये, छावणीच्या जुन्या बंगल्यांच्या भागात, राहायला आलो! कारखान्याचं क्वार्टर सोडताना निरोप द्यायला कुणी फिरकलं नाही. बरंच झालं, खोटं हसायचे श्रम वाचले. घर म्हणजे जुन्या बंगल्याचा मागचा भाग. दोन खोल्या, व्हरांडा, आणि बैठकीच्या भिंतीत चक्क विटांची शेकोटी, तिच्यावर छपराबाहेर निघालेलं धुराडं. दुरुस्ती तुमची तुम्ही करा, असं मालकांनी बजावलंय. मी लगेच हो म्हटलं. ही शेकोटी पाहूनच तर घर घेतलं.

ती इंदूसाठी. माझी बायको अकरा वर्षं नागपूरला आमच्या मुलीकडे, प्रणोतीकडे राहते. काल फोनवर तिला शेकोटीचं सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाली, घरात ऊब असेल आणि आवाज चढणार नसेल, तर पाच जानेवारीला येईन. एकसष्टाव्या वर्षी मी आज शीळ घालत सामान लावलं.

१७ डिसेंबर, मंगळवार
अंबादास मिस्त्री आला. सत्तरीचा, तीन पिढ्या इथलाच. छपरावर चढून त्याने धुराड्याची कुंडलीच मांडली. सांध्यांतला चुना झडलेला, वरच्या चार थरांच्या विटा बोटाने भुगा होणाऱ्या, फटीत पिंपळाचं रोप. मी म्हटलं, सिमेंट थाप आणि मोकळा हो. तो ऐकेना. जुन्या मऊ विटेला सिमेंट लावलं की पाणी आत कोंडतं आणि वीटच फुटते, म्हणाला. चुना मुरवण्यात दोन दिवस घातले. माणूस हट्टी आहे, पण हात चांगला आहे.

२१ डिसेंबर, शनिवार
पिंपळ मुळासकट निघाला, विटा बदलल्या, सांधे भरले. आता वर पत्र्याची टोपी आणि तिच्या बाजूंना जाळी, एवढंच उरलं होतं. तर अंबादास धुराड्यात तोंड घालून ओरडायला लागला, ‘कोई है तो निकलो भाई, बंद करून राहिलो!’ असं तीनदा. पारवा, खार, साप, काहीही आत असू शकतं. म्हणून हाक मारायची, एक दिवस उघडं ठेवायचं, मगच टोपी. त्याच्या आजोबांपासूनची ही रीत.

आणखी एक दिवस! माझं डोकं सटकलं. खाली शेकोटीत वाकून त्याची नक्कल करत मीही वर ओरडलो, ‘विष्णू, ऊठ! नीघ माझ्या घरातून!’

विष्णू माझा धाकटा भाऊ. प्यायचा. अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी दारात आला, तेव्हा याच शब्दांत मी त्याला हाकललं. तापाने फणफणलाय, शेगडीजवळ तरी बसू द्या, असं इंदू म्हणत होती. मी दार लावलं. दुसऱ्या दिवशी तो नदीकाठी, तिलवाऱ्याच्या घाटावर गारठून मेलेला सापडला. त्याच आठवड्यात इंदू घर सोडून प्रणोतीकडे गेली. चेष्टेतही नेमकं त्याचंच नाव तोंडात का आलं, कोण जाणे. दिवसभर त्या ओरडण्याची लाज वाटत राहिली.

अंबादास खाली आला तो पांढराफटक. ‘साहेब, नाव काहून घेतलं? हम कभी नाम नहीं लेते. नाव घेतलं का आतलं निघत नाही जी, ज्याचं नाव घेतलं तोच येते.’ मी त्याची टर उडवली आणि आजच टोपी बसवून घेतली.

२४ डिसेंबर, मंगळवार
शेकोटी पेटवली. सगळा धूर खोलीत. ऊब मात्र वर ओढली जाते. हात विस्तवाशी धरले तरी गारच. अंबादासने आरसा घालून पाहिलं. मार्ग मोकळा आहे, जाळीतला उजेड दिसतो. भावाची मोठ्याने माफी मागा, म्हणाला. मी त्याला चालता हो म्हटलं. माफी मागणं मला जमत नाही, जन्मात जमलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार
भर दुपारी धुराड्यात कुणीतरी खोकलं. पारवे खोकत नाहीत. विष्णूचा खोकला मला ठाऊक आहे—

३१ डिसेंबर, मंगळवार
आज शब्द ऐकू आले. दादा, थोडं शेकू दे ना. रेडिओ मोठा केला. भीती वाटते आहे, लिहून टाकतो. इंदूला येऊ नको म्हणू? अकरा वर्षांनी येते आहे ती.

२ जानेवारी २०२५, गुरुवार
आता तो माझ्या आवाजात बोलतो. इंदू, चहा घेतेस? इंदू, दमलीस का? पुन्हा पुन्हा, घोकल्यासारखं. मी तिच्याशी इतकं गोड कधीच—

४ जानेवारी, शनिवार
इंदूला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. ती हसली. सकाळीच तर तुम्ही बोलावलंत, म्हणाली. विष्णूभावजींसाठी रडलात, चुकलं म्हणालात, म्हणूनच निघते आहे. मी फोन केला नव्हता. मोबाइलमध्ये सकाळी सातचा कॉल आहे. बारा मिनिटं.

अंबादासच्या घराला कुलूप. पाटण गावी गेलाय, म्हणे.

शेकोटीपुढे बसलो. विष्णू, म्हणालो. पुढचा शब्द नाही आला—

५ जानेवारी, रविवार, सकाळ
तिलवाऱ्याचा पूल ओलांडला, असा इंदूचा फोन. अर्ध्या तासात येईल. त्याआधी याला बाहेर ओढणार. खांद्यापर्यंत आत शिरून पाहिलं. हात लागला. बर्फासारखा. पुन्हा जातो, या खेपेला सोडणार नाही—

धुराड्यात वर आहे. त्यानेच ओढलं. खांदे अडकलेत, एक हात मोकळा. डायरी-पेन स्वेटरच्या खिशात होतं. खाली खोलीत कुणीतरी चालतं आहे—

ऑटो थांबला. इंदू. दार त्याने उघडलं. माझ्या आवाजात, ये म्हणाला.

मी ओरडतो आहे. ती म्हणाली, अहो, आत काहीतरी फडफडतंय. पारवा असेल, म्हणाला.

इंदू हसते आहे. माझ्याशी कधी अशी—

विष्णू, चुकलं माझं. ऐक ना. चुकलं रे, चुक—

हात गार पडलेत, म्हणते आहे ती. तो म्हणतो, बस, पेटवतो. लाकडं रचतोय. काड्यापेटी—

इंदू, तो मी नाही, मी इथे व—