पुलावर उभं राहणारं इंजिन

प्रिय दादा,

बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी फाटकापर्यंत जाऊन येतात. गाडी येणार नाही हे ठाऊक असूनही रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघतात. मी हसले, तर म्हणाले की कारखाना बंद झाला, मान वळायची कशी बंद होईल.

गेल्या आठवड्यात मी आणि गार्डकाका ट्रॉलीवरून खाणीपासून कारखान्यापर्यंत सगळी लाइन बघून आलो. आजोबांच्या टोळीने फोडलेली खिंड अजून शाबूत आहे. आधी लाइन आली, मग कारखाना, हे आजोबांनी इतक्या वेळा ऐकवलं की आपण तोंड दाबून हसायचो. पण खरंच होतं ते. डोंगरावरचं खनिज खाली आणायची सोय नसती, तर भट्टी पेटवली असती कोणी? पुढे इकडून कोळसा यायचा, तिकडून खनिज, आणि पोलादाचे पत्रे बंदराकडे जायचे. भरलेली गाडी जाऊ लागली की फाटकावरचे लोक सायकली लावून खुशाल खाली बसायचे. खनिजाच्या धुळीने आईच्या पांढऱ्या चादरी संध्याकाळपर्यंत विटकरी व्हायच्या आणि ती इंजिन चालवणाऱ्या बाबांवर अशी चिडायची, जणू ती धूळ त्यांनीच फुंकली. पुरात रस्त्याचा पूल वाहून गेला, तेव्हा आईला गार्डाच्या डब्यात बसवून बाबांनीच गाडी काढली. दवाखाना गाठायच्या आत, रेल्वेच्या पुलावरच तू झालास. हा मालगाडीने आला, तोही बिनतिकीट, असं गार्डकाका अजून सांगतात.

मोठी भट्टी थंड झाली त्या दिवशी इंजिनावर मी होते. रिकामे डबे ओढत घरी आले आणि पोटभर रडून घेतलं. आता रडायचं नाही. नदीपलीकडे भंगार वितळवणारी छोटी भट्टी सुरू होतेय. तिच्या मालकीणबाईंना ट्रक परवडत नाहीत. रेल्वेने माल पोचवलात तर काम तुमचंच, असा शब्द त्यांनी दिलाय. आम्ही जुन्या कामगारांनी संस्था काढून लाइन चालवायला मागितली. कंपनीला मात्र रूळ उपटून विकायची घाई झालीय. कोर्टात सुनावणी गुरुवारी आहे, आणि रूळ काढायला सुरुवात सोमवारी, तीही पुलापासून. पूलच गेला, तर गुरुवारी मागायचं काय?

म्हणून सोमवारी सकाळी मी इंजिन पुलाच्या मधोमध नेऊन उभं करणार आहे. गार्डकाका सोबत आहेत. निकाल लागेपर्यंत इंजिन तिथून हलणार नाही.

दादा, रूळ उपटायचं काम तुझ्या फर्मने घेतलंय, हे मला पुलापाशी आणून ठेवलेल्या यंत्रांवरचं नाव वाचून कळलं. तू बोलला नाहीस, यावरून मी भांडत नाही. तुझ्या जिवावरही चार घरं चालतात. बाबांना सांगायला जीभ रेटत नव्हती. सांगितलं, तेव्हा म्हणाले, “त्याने घेतलंय ना, मग काम नीट होईल.” अभिमानाने म्हणाले रे. मला तेच ऐकवेना, म्हणून लिहायला बसले. सोमवारी मुकादमाला पाठवू नकोस, स्वतः ये. गुरुवारपर्यंत यंत्रं थांबवणं तुझ्या हातात आहे. थांबवलीस, तर तिथूनच आपण बाबांकडे जेवायला जाऊ. नाही थांबवलीस, तर मला खाली उतर म्हणून तूच सांग, माझ्या तोंडावर. मी उतरणार नाही, हे आजच कळवून ठेवते.

तुझीच,
धाकटी