शिफारस नाही

दिनांक १८ नोव्हेंबर २०२४

या वहीची आधी क्षमा मागते. दोन वर्षांत हिच्यात एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ते मृत्युपत्र.

मी, निता धनराज इंगोले, वय ४६, शिक्षण बी.ए., भाजीपाल्याची शेती करते आणि गावची पोलीस पाटील आहे. येत्या पंचवीस तारखेला नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणाले, पण माझ्या सह्या तीन ठिकाणी घेतल्या. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. मन स्वस्थ आहे असेही लिहायची रीत आहे, पण ते खोटे होईल.

कलम १. मळ्यातले घर, विहीर, दोन एकर जमीन आणि पतसंस्थेतली ठेव माझी मुलगी रुचिका हिला. सासूबाई जिजाबाई हयात असेपर्यंत पुढची खोली त्यांची. धनराज गेल्यावर मी माहेरी न जाता पाटीलकी घेतली, म्हणून त्या माझ्यावर रागावून आहेत. तो रागही त्यांच्याकडेच असू द्यावा, काढायला लावू नये.

कलम २. फवारणीचा पंप आणि वजनकाटा पुतण्या हर्षलला. त्याने वजनकाटा दुरुस्त करून घ्यावा, गिऱ्हाइकाच्या बाजूने.

कलम ३. सासरे पंजाबराव यांची एकनळी बंदूक. शेतीसंरक्षणाचा परवाना आता माझ्या नावे आहे. निवडणुकीमुळे ती महिनाभर ठाण्यात जमा आहे, पावती या वहीत ठेवली आहे. सासरे म्हणत, "आचारसंहिता लागली हे मानसाच्या आंधी डुकराले समजते." नऊ वर्षांत मी ती दोनदा उडवली, दोन्ही वेळा आभाळात. हर्षलने ती मागू नये, त्याला वरातीत मिरवायची आहे. माझ्यामागे ती ठाण्यातच राहावी.

घरात बंदूक असलेल्या बाईने दुसऱ्याला बंदूक नाकारली, ती गोष्ट आता टाळता येत नाही.

शेजारच्या मळ्यातल्या गोविंदसिंग यांनी २०२२ साली परवान्यासाठी अर्ज केला. रानडुकरे त्यांचा कोबी मुळासकट उकरत होती. ठाण्यातून माझा अभिप्राय मागवला. मी लिहिले, "अर्जदार तापट असून सख्ख्या भावाशी शेताच्या धुऱ्याच्या हद्दीचा वाद आहे. शिफारस नाही." यातले अक्षर न् अक्षर खरे आहे. पण आठवडाभर आधी ते चावडीपुढे, मला ऐकू जाईल असे म्हणाले होते, "आता काय, बांगड्यायचं राज!" लोक हसले होते. त्या हसण्याचा माझ्या अभिप्रायात किती भाग होता, हे मी दोन वर्षे स्वतःला विचारते आहे.

अर्ज नामंजूर झाला. त्यांनी कुंपणाला तार बांधून तिच्यात लाइनवरून आकडा टाकून वीज सोडली. त्याच ऑक्टोबरातल्या एका सकाळी आकडा काढायचा राहिला, आणि त्यांची बायको गोमतीबाई बाजारासाठी पालक कापायला गेली. नवी नवरी असताना मला मेथीची जुडी बांधायला तिनेच शिकवले होते. म्हणायची, "सैल नोको बांधू, बाजारात लाज जाते." तिच्या पंचनाम्याला मीच उभी होते. गोविंदसिंगांवर गुन्हा दाखल झाला. जामिनावर आल्यापासून ते ओट्यावर बसून असतात. वहीतली शेवटची नोंद त्या दिवसाची आहे.

कलम ४. मत कोणाच्या नावे करून ठेवता येत नाही, तरी लिहिते. परवा मतदान आहे. शनिवारी शेलूबाजारच्या सभेत बंदोबस्ताला होते. उमेदवार बाबूसिंग म्हणाले, "दर शेतकऱ्याले तीस दिवसांत परवाना! गावातल्या मानसाचा अभिप्रायच बंद! ज्याच्या घरी बंदूक हाये, थोच तुमाले नाई म्हनते!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी समोर उभी होते. दुसरे उमेदवार म्हणतात, बंदुका वाढल्या की त्या धुऱ्यावरच चालतील. परवाने कडक ठेवू, सौर कुंपण देऊ. मला दुसऱ्यांचे पटते. पण ते पटते तेव्हा माझा अभिप्रायही बरोबर ठरतो, म्हणून त्या पटण्यावर माझा विश्वास बसत नाही. गोविंदसिंगांना बंदूक मिळाली असती तर गोमतीबाई आज असती. किंवा त्यांचा भाऊ नसता. यातले कोणते झाले असते, ते मला कधीच कळणार नाही.

~~कलम ५. त्या अभिप्रायाची प्रत कपाटात आहे. माझ्या मृत्यूनंतर ती गोविंदसिंग यांचा मुलगा राजपाल याला द्यावी.~~

हे कलम दुपारी लिहिले होते. चार वाजता राजपालला साक्षीदार म्हणून बोलावले. हात पुसत आला आणि पेनच मागितला.

"काकू, कुठी सही करू?"

"आधी वाच तर."

"तुमी लिहिलं मंजे वाचाचं काय काम?"

"वाचल्याशिवाय सही करू नये रे. पोलीस पाटलीण सांगते."

तो हसला. मग म्हणाला, "माय तं कागदापाईच गेली, काकू. वरतं बसून ज्यानं नाई लिहिलं, थो मानूस मले एकदा पाहाचा हाये. बाबूसिंग आला का असे मानसं बंद होतीन."

मी वही मिटली. "उद्या कर सही," म्हटले.

"तब्येत बरी हाये ना तुमची?" एवढे विचारून तो गेला.

त्याला मी जिवंतपणी सांगितलेले नाही. जिला तो उलट बोलू शकणार नाही अशा मेलेल्या बाईकडून त्याला ते कळावे, अशी मी सोय केली होती. म्हणून कलम ५ मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. ही खाडाखोड माझीच समजावी. त्याला सांगितल्यावर माझे जे मत उरेल, ते परवा देईन.

मृत्युपत्र करणार: निता धनराज इंगोले (सही)

साक्षीदार १: सपना, आशा सेविका, माझ्यासमोर (सही)

साक्षीदार २: राजपाल गोविंदसिंग. जागा सोडली आहे. सगळे ऐकल्यावर त्याला करावीशी वाटली तरच.

स्थळ: मळ्यातले घर, शेलूबाजारजवळ, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

उद्या: सकाळी प्रत घेऊन राजपालच्या मळ्यात जाणे, आणि गोविंदसिंगांच्या समोर ती त्याला वाचून दाखवणे.