परळच्या चांभाराची मजुरी

तीर्थरूप आई,

पेटीचं सागवानी खोकं माझं. त्याचे चारही कोपरे एकाही खिळ्याशिवाय सांधलेले. पट्ट्या माझ्या, पांढऱ्या देवदाराच्या, काळ्या शिसवीच्या, काचेच्या तुकड्याने तासून तासून गुळगुळीत केलेल्या. पट्ट्यांखालच्या पितळी तारेच्या कमानी मी वळल्या. झाकणावरची जाळी मी कोरली. तिच्यातली एक कोयरी जरा डावीकडे झुकली आहे, ती मला अजून टोचते. आत वाजणारे पितळी सूर तेवढे विलायती, विकत आणलेले. जे माझं नाही ते माझं म्हणायची मला सवय नाही.

आज दुपारी एका नाटक मंडळीचा माणूस आपली पेटी पाहायला आला, तेव्हा हे सगळं मी त्याला असंच बोटांवर मोजून सांगितलं. दर बोटाला "माझ्या हाताने" म्हणत होतो. त्याने भाता भरला, एकही पट्टी दाबली नाही, आणि नुसता बघत बसला. भाता उतरेना.

"काय दम आहे हो हिला!" तो म्हणाला. "हा भाता कोणाचा?"

आई, माझं बोट तिथेच अडकलं. म्हणून लिहायला बसलो आहे.

तुला आठवतं ना, हे खूळ कसं सुरू झालं? आमच्या पेढीच्या शेटजींच्या घरची पेटी बिघडली होती आणि मी ती उघडून दुरुस्त केली होती. कुणी शिकवलं नव्हतं. त्या धुंदीतच घरी आलो आणि म्हणालो, "अशी पेटी मी करीन."

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी करीन म्हणू नकोस, दामू. आपण करू म्हण. तुझ्या एकट्याच्याने देव्हाऱ्याचं दारसुद्धा लागलं नव्हतं. उलटं बसवलं होतंस!"

किती हसली होती तुझी नात गोदी!

तू, मी, तुझी सून आणि गोदी. चौघांपैकी एकालाही यातलं काही येत नव्हतं, आणि तुला तेच आवडलं होतं. "सगळेच अडाणी, मग कोण कोणाला हसणार?" असं तू म्हणालीस. हसणारा मी होतो. रविवार आला की पडवीत पसारा मांडायचा आणि मी सगळ्यांच्या चुका काढायच्या. गोदीने लाकूड घासलं तर आडवं का घासलंस. तुझ्या सुनेने पट्ट्यांखाली बनातीचे लोकरी तुकडे चिकटवले तर एक तुकडा सूतभर पुढे का. तुम्ही तिघी ते नव्याने करून बघत होतात. मी मात्र एखाद्या परीक्षकासारखा हिंडत होतो!

पहिला भाता तुझ्या सुनेने कापडाचा केला. भरला की फुस्स. गोदी ओरडली, "बाबा, पेटीला दमा झाला!" मी भडकलो. "एवढंसं जमत नाही?" असं बोललो. ती माझ्याशी बोललीच नाही. तुझ्याकडे वळून म्हणाली, "सासूबाई, सांगा यांना, हवा कापडातून जाते आहे. माझ्या हातातून नाही."

तिचं खरं होतं. कापडावर कातडं हवं होतं, मेंढीचं, पातळ, निदान घड्यांच्या कोपऱ्यांवर तरी.

आपल्या घरात कातडं! नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते एवढं कुणीतरी सांगितलं म्हणून तू नळाचं पाणी कधी तोंडात घातलं नाहीस. वाडीतल्या सगळ्यांच्या घरी नळाच्या पाण्याने स्वयंपाक व्हायला लागला तरी तू आपली विहिरीवर, दोर ओढत. त्या तुझ्या घरात मी कातडं आणलं, फडक्यात गुंडाळून, चोरासारखं. पडवीच्या टोकाला शेगडीवर चिकटवायचा सरस शिजवला तेव्हा वास लपला नाही.

मी कोपरे बसवायला घेतले. एक फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याला मी ते सगळं उचलून भिरकावून दिलं.

तू माजघराच्या दारात उभी होतीस. म्हणालीस, "अरे, ओढतोस काय असा? मोदकाची कळी कधी ओढून काढतात का?"

"मग ये आणि काढ!" मी म्हणालो. रागाने म्हणालो गं, बोलवायचं म्हणून नाही.

तू आलीस. उंबरठ्याशी क्षणभर थांबलीस तेवढंच. मग खाली बसलीस, कातड्याचा तुकडा हातात घेतलास आणि बोटांनी चाचपून म्हणालीस, "किती मऊ आहे रे हे. नळाच्या पोटातल्या चकतीसाठी मी एवढी वर्षं विहीर उपसली, आणि आता बघ कशी बसले आहे!" आणि स्वतःच इतकी हसलीस की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुलाही ते सहज जमलं नाही. तुझा पहिला भाता असा चिकटला की उघडेचना. दुसऱ्या वेळी सरस करपला आणि शेजारच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. रोज काम संपलं की विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ, भर थंडीत. मग ओल्या अंगाने काकडत पुन्हा येऊन लांबूनच बघायचीस, वाळला का म्हणून. मी कधी म्हणालो का, की आई, राहू दे, थंडी आहे? नाही म्हणालो.

ज्या दिवशी भाता भरला आणि भरलेलाच राहिला, त्या दिवशी तू गोदीचा हात धरून म्हणालीस, "श्वास धरलान गं हिने!" तुझ्या सुनेने पट्टी दाबली. तो पहिला सूर माझ्या हाताने वाजला नव्हता, हे आज लिहिताना लक्षात येतं आहे.

आणि मग वाडीच्या देवळातले भटजी, पुराणिकबुवा आले.

ते पेटी ऐकायला आले, दोन-चार वाडीकर सोबत होते. बुवांनी भात्यावरून बोट फिरवलं नाही, लांबूनच दाखवलं. "दामोदरपंत, हे कातड्याचं काम? घरात?"

तू दाराआड होतीस. देवळातल्या समयांसाठी वाती तुझ्या हातच्या जात. तेवढं एकच काम तुला वाडीने मानाने दिलेलं होतं. ते जाईल म्हणून मी खोटं बोललो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं तसं नव्हतं. मला लाज वाटली, माझ्या आईने कातडं चिकटवलं याची. मी म्हणालो, "छे छे, परळच्या एका चांभाराकडून करवून आणलं."

"आणि बाकी सगळं?"

"बाकी सगळं मी. एकट्याने."

एका वाक्यात तुम्ही तिघी गेलात, आई! विलायतेतल्या कुणा कारागिराचे सूर मी प्रामाणिकपणे त्याचे म्हणून सांगतो, आणि माझ्या माजघरातली माणसं मी गिळून टाकली.

सगळे गेल्यावर तू बाहेर आलीस. मला वाटलं, रडशील. तू विचारलंस, "परळच्या चांभाराला मजुरी काय दिलीस रे?"

त्यानंतर मी कातडं आणलं की तू वाती वळत बसायचीस आणि म्हणायचीस, "त्या परळवाल्याला बोलाव. मला वेळ नाही." गंमतीत म्हणायचीस, पण पुन्हा हात लावला नाहीस. दुसऱ्या पेटीचा भाता मी केला. तो आजही गळतो. एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्यास! सगळ्यांसमोर पुढे येऊन "माझा आहे भाता" का नाही म्हणालीस? तू बोलली असतीस तर मी सुटलो असतो. बघ, अजून माझाच विचार करतो आहे.

आणि तो चांभार तरी कुठे होता? ज्याने मला कातडं विकलं त्या म्हाताऱ्याने ते तासून पातळ कसं करायचं हे आपणहून दाखवलं होतं. मी पैसे त्याच्या हातावर वरून टाकले आणि त्याचं नाव विचारलं नाही. त्याच्या जातीचं नाव मात्र खोटं बोलायला बरोबर आठवलं.

तर आज दुपारी तोच प्रश्न पुन्हा आला. भाता कोणाचा? आणि माझ्या तोंडून "पर..." एवढं निघालंसुद्धा. तू गेलीस त्याला वर्ष होत आलं, तरी जीभ तीच! तेवढ्यात माजघरात तुझ्या सुनेने तांब्या जोरात खाली ठेवला.

"माझ्या आईचा," मी म्हणालो.

तो माणूस हसला. "थट्टा करता, पंत?"

"नाही. कातडं तिने बसवलं. बनात माझ्या बायकोची आहे, लाकूड मुलीने घासलं आहे." आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

आता पुढचं. तुझ्या वर्षश्राद्धाला पुराणिकबुवाच येणार आहेत. उद्या सकाळी पेढीवर जाण्याआधी मी त्यांच्याकडे जाणार आहे आणि खरं काय ते सांगणार आहे. ते कदाचित श्राद्धाला येणार नाहीत. "तुमच्या आईच्या वाती आम्ही समईत लावल्या," असं म्हणून मला दारात उभंही करणार नाहीत. तुझं श्राद्ध माझ्यामुळे अडेल ही भीती आहे, लपवत नाही. पण ज्या हातांना मी नाकारलं त्यांना खोट्याच्या आडून पिंड कसा देऊ? बुवा आले नाहीत तर दुसरा कुणी शोधीन. कुणीच आलं नाही तर विहिरीचं पाणी स्वतः ओढून तुला तर्पण करीन. यापुढे "मी केली" हे शब्द या पेटीबद्दल माझ्या तोंडून निघणार नाहीत, हे वचन तुला आणि माजघरात बसलेल्या दोघींना.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. त्या नाटकवाल्याने पेटीचे एकशे दहा रुपये रोख देऊ केले. त्यातले साठ तरी या भात्याचे, असं तो स्वतः म्हणाला. मी पेटी दिली नाही. परळच्या चांभाराची मजुरी आज कळली, आई. साठ रुपये.

तुझा,
दामू