मोगऱ्याचा माचा

पप्पा, काल घरात मोगरा आणला. आईने खिडकी उघडली. तुम्ही गेल्यापासून, खरं तर तुम्ही असल्यापासूनच, आपल्या घरात फुलं येत नाहीत. आईने कधी गजरा माळलेला मला आठवत नाही. तुम्ही अत्तराच्या कंपनीतून यायचात तेव्हा तुमच्या आधी तुमचा वास जिना चढायचा, कधी गुलाब, कधी केवडा, कधी नुसतंच साबणासारखं गोड काहीतरी. शेजारच्या काकू दारातूनच आईला सांगायच्या, आले बघ तुझे अत्तरवाले. त्या वासाने आईचं डोकं चढायचं. तुमचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजायचे. तुमच्या फोटोलासुद्धा तिने कधी हार घातला नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, आता तरी त्यांना सुट्टी असू दे.

तर मोगरा कशाला, ते सांगतो. तुम्हाला माचा माहीत नसणार. चहाचीच पानं असतात, हिरवीगार, पिठासारखी दळलेली. ती कोमट पाण्यात घुसळायची आणि बर्फ घातलेल्या थंड दुधावर ओतायची. हल्ली पोरं ह्याच्यावर तुटून पडतात. तुम्ही एक घोट घेऊन म्हणाला असतात, गवत खाल्ल्यासारखं लागतंय, आणि ते काही चुकीचं नाही. ठाण्यात माजिवड्याला एका बाईंनी नवीन कॅफे टाकलाय. मी चार ठिकाणी कॅफेत काम केलेलं आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यासाठी फुलाचा वास असलेला माचा घरी करून आण, बाटलीतला इसेन्स नको, मला लगेच कळतो. आवडला तर काउंटर तुझा. पक्की नोकरी, पगार, पीएफ, सगळं. रोज डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून डोंबिवली. आईने हे ऐकलं आणि त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

पप्पा, मी इथे राहायला आलेलोच नव्हतो. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. मग कॉलेज अर्धवट सोडलं, गोकर्णला गेलो, तिथून केरळात वर्कलाला, मग वर हिमाचलात. कुठे भांडी घासली, कुठे कॉफी शिकलो, एका ठिकाणी तर नुसतीच मालकाची कुत्री सांभाळली. त्यातल्या एका कुत्रीला फक्त मल्याळम कळायचं, पण ते राहू दे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून पंधरा दिवसांसाठी आलेलो. तिचा गुडघा कधीच बरा झाला. आता ती चार मजले उतरून खाली जाते, भाजीवाल्याशी भांडते, कोथिंबीर फुकट घेऊन वर येते. अडकलो तो मी. आपल्या हॉलची खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचं किचन, त्यांनी फोडणी टाकली की शिंक आपल्याला येते. मी सकाळी उठतो, त्या खिडकीशी उभा राहतो, आणि मला कळत नाही पुढे काय करायचं. हिमाचलातल्या मित्राचा परवा व्हॉइस मेसेज आला. त्याच्या होस्टेलचं किचन सांभाळायला माणूस नाही, येतोस का विचारत होता, मागे वारा इतका की निम्मे शब्द उडून गेले. मी तो बाथरूममध्ये जाऊन परत परत ऐकला. आईला सांगायचं म्हणून चारदा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी चहा ठेवू का असं विचारून बंद केलं. ती थांब म्हणत नाही ना. थांब म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ती म्हणते, तुझं तू बघ.

खरं तर हे सगळं गेल्याच आठवड्यात निकालात निघायचं होतं. बाईंनी दिलेली माचाची पुडी मी स्टीलच्या डब्यात काढून ओट्यावर ठेवलेली. आईने झाकण उघडलं, आत हिरवी बारीक पूड. पोराने आपल्यासाठी मेंदी आणली असं समजून तिने ती लोखंडी कढईत, चहा उकळलेल्या पाण्यात, रात्रभर भिजवली. सकाळी मी उठलो तर ती डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून पेपर वाचत बसलेली. रंग काही चढला नाही. मलाच विचारते, कुठल्या दुकानातून आणलीस रे, भेसळ आहे यात. मी खाली बसून हसलो, मग तीही हसायला लागली, पिशवीसकट. बाईंना फोन करून सांगितलं तर त्याही हसल्या आणि दुसरी पुडी घेऊन जा म्हणाल्या. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी मोकळं हसलो. आईला वाटलं मेंदीवर हसतोय. मला आठवडा वाढवून मिळाला होता.

एक दिवस सारखा आठवतोय. दसरा. मी सातवी-आठवीत असेन. एमआयडीसीत दसऱ्याला मशीनची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. आई येत नाही, तुम्ही मला नेता. मशीनना झेंडूचे हार, पत्र्यावर हळदीकुंकू, सगळे कामगार इस्त्रीच्या कपड्यांत, एकमेकांना ओळखू न येणारे. तुम्ही मला वरच्या छोट्या खोलीत नेता जिथे तुम्ही बसता, भिंतभर बाटल्या आणि कागदाच्या बारीक पट्ट्या. तुमचे साहेब गंमत म्हणून दोन पट्ट्या बुडवतात आणि माझ्या नाकासमोर धरतात, सांग बरं, मोगरा कुठला? मी म्हणतो, ही अगरबत्ती आहे. ती मोगरा आहे, पण शिळा, कालचा. साहेब हसून तुमच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, ह्यालाही ठेवून घेऊ आपल्याकडे. सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. परत येताना रसाच्या गाडीपाशी तुम्ही मला ग्लास दिलात आणि म्हणालात, "तुला वास कळतो हे कोणाला सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर सांग, सर्दी झालीय." तुम्ही इतकं कडक बोललात की मी अर्धा ग्लास तसाच परत ठेवला. मला वाटलेलं तुम्ही खूश व्हाल.

त्याचं कारण आईने पुढे कधीतरी सांगितलं. तुम्ही तिथे ड्रम उचलायला लागला होतात, चार पैसे साठेपर्यंत. तुम्हाला ट्रकवर जायचं होतं. लायसन्स काढून झालेलं, नागपूर-रायपूर लाइनवर कोणीतरी ओळखीचा होता. मग एक दिवस ड्रम सरकवता सरकवता तुम्ही सहज म्हणालात, हा माल बिघडलाय. आणि तो खरंच बिघडलेला निघाला. त्यांनी तुम्हाला वरच्या खोलीत नेऊन, वास घेऊन माल तपासायला, खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवरून तुम्ही उठलाच नाहीत. आई म्हणते, नाक नसतं तर जग बघितलं असतं त्यांनी. तुमचं लायसन्स तिने अजून ठेवलंय, फोटोत तुम्हाला मिशी आहे.

आता ऐका, मी कसं केलं ते. परवा रात्री पाणी उकळून थंड केलं आणि त्याचा बर्फ वेगळ्या डब्यात लावला, कारण आपल्या फ्रीजरमधल्या ट्रेला कोळंबीचा वास आहे, आईला येत नाही, मला येतो. काल सकाळी कल्याणच्या फुलबाजारातून कळ्या आणल्या, गजरा नाही, सुट्या, घट्ट मिटलेल्या, पाणी न मारलेल्या. धुऊन ओल्या फडक्यावर पसरल्या. संध्याकाळी त्या घरातच उमलल्या, पप्पा. मी बघत बसलेलो, आई टीव्हीचा आवाज वाढवत होती. साखरेचा पाक करून पूर्ण गार होऊ दिला, मग त्यावर फुलं सोडली आणि झाकण लावलं. गरम पाकात मोगरा मरतो. आज सकाळी कडा तांबूस व्हायच्या आत फुलं काढून टाकली. चव घेतली आणि तुम्ही आठवलात. तुम्ही एकदा जेवताना सांगितलेलं, खऱ्या मोगऱ्यात थोडासा सडका वास असतो, अगदी थोडा, तो काढून टाकला की उरते ती अगरबत्ती. तो होता. अगदी तेवढाच होता. माचा चहाच्या गाळणीतून चाळला, कोमट पाणी घातलं, बांबूचा ब्रश नव्हता म्हणून आईच्या छोट्या रवीने घुसळला. ताक करतोस की काय, असं ती मागून म्हणाली. ग्लासात तळाला पाक, मग बर्फ, मग दूध, वरून हिरवं हळूहळू खाली उतरणारं. मी एक चमचा घेतला आणि घाबरलो. इतकं चांगलं मी कधीच काही केलेलं नाही.

म्हणून मग मी दुसरा ग्लास केला. आइस्क्रीमवाले वापरतात तो गुलाबाचा इसेन्स कपाटामागे लपवून ठेवला होता, आधीच आणलेला. तो घातला, जरा जास्तच. म्हटलं, हा घेऊन माजिवड्याला जायचं. बाई एक घोट घेतील, तोंड वाकडं करतील, नको म्हणतील. मग घरी येऊन आईला सांगायचं, नाही गं घेतलं मला, जातो परत वर. म्हणजे मला काहीच सांगावं लागणार नाही, सगळं बाईच सांगतील.

आई ओट्याशी आली. दोन्ही ग्लासांतलं चमच्या-चमच्याने चाखलं. मोगऱ्याचं चाखून तिने चमचा चाटून पुसून ठेवला. गुलाबाचं तोंडाजवळ नेलं आणि तशीच थांबली. म्हणाली, "हा तर तुझ्या पप्पांचा शर्ट." मग विचारलं, ह्यातला कुठला नेतोयस? मी म्हटलं, गुलाबाचा, बाईंना गुलाब आवडतो. तिने माझ्याकडे बघितलं. तुम्हाला माहितीये ती कशी बघते ते. आणि मग तिने तो गुलाबाचा ग्लास उचलला आणि उभ्याउभ्या प्यायला लागली. जिचं डोकं त्या वासाने चढतं, ती. मध्ये एकदा थांबून डोळे मिटले, परत प्यायली, बर्फाचे खडे तेवढे उरले. ग्लास विसळला, पालथा घातला.

"जायचं असेल तर सांगून जा रे," ती म्हणाली. "नापास होऊन नको जाऊस."

आणि कुकर लावायला वळली.

मी हॉलमध्ये येऊन बसलो. मोगऱ्याचा ग्लास हातात होता. बाईंनी दुपारी चारपर्यंत बोलावलेलं, ठाण्याची गाडी मिळाली असती. मी बसून राहिलो आणि तो मीच प्यायलो, सावकाश. बाईंना मेसेज टाकला की परवा येतो. उद्या पहाटे परत कल्याणला जाणार, कळ्या आणणार, परवा सकाळी नेणार. चांगलाच करणार, वाईट करणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. त्या हो म्हणतील. हो म्हणतील हेही मला कळतंय, आणि त्याच्या आधी आईशी बोलायला हवं हेही.

ती आत आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, मला पापड भाजू का विचारतेय. मला जायचंय, एवढंच तर म्हणायचंय तिला. तुम्हाला मी पानंच्या पानं लिहिली, पप्पा, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही. तिला मी आत्ता सांगितलं, दोन भाज.