झिलीची जागा

जळकोट,
बुधवार, दि. १५ जानेवारी २०२५
सकाळचे सव्वाअकरा

ती. रामहरीदादांस,
धाकट्या बिरदेवचा नमस्कार.

आत्ताच एका बारशाच्या फ्लेक्सवरची निमंत्रकांची नावं पुन्हा एकदा तपासून छपाईला सोडली. मशीन चालू आहे आणि मालक तुळजापूरला गेलेत, म्हणून लिहायला बसलो. इकडं सगळे खुशाल आहेत. बापू मेंढरं घेऊन बोरी नदीच्या अंगाला उतरलेत, गुडघा आता दुखत नाही म्हणतात. आईनं पाकिटात घालायला तिळगूळ दिला होता. पोस्टात चुरा होईल म्हणून मी तो काढून ठेवला. चुऱ्याचं कारण खरं आहे, पण सगळं कारण ते नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही बोलता, मी व्हय व्हय म्हणत राहतो आणि ठेवल्यावर कळतं की आपण कशाला तरी कबूल होऊन बसलो. परवा तसंच झालं. तुम्ही म्हणालात, "मंजुषाची गाणी रविवारी काढून टाकतो. नीट करून परत टाकू." मी व्हय म्हणालो. ते व्हय मी या पत्रानं परत घेतो आहे.

गाणी ज्यावर आहेत ते चॅनल तुमच्या ईमेलवर आहे आणि पासवर्डही तुमच्याकडंच आहे. बटण दाबलंत तर मंजुषाअक्काचा अख्खा अल्बम जाईल, हे मला माहीत आहे. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतो. शनिवारपर्यंत मिळेल.

पुण्याच्या पेपरात आलेलं परीक्षण तुम्ही मोबाइलवर धाडलंत, ते मी कागदावर छापून घेतलं आणि नीट वाचलं. आवाज अस्सल आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय, त्याबद्दल आभार. पुढं लिहिलंय की प्रत्येक ओळीनंतर रिकामी जागा पडते, तिथं काहीच घडत नाही, ऐकणारा ताटकळतो, आणि त्यामुळं 'मागं कोण' हा अल्बम अर्धवट सोडलेल्या गाण्यांचा वाटतो. मला वाईट वाटलं, पण त्या माणसानं कान देऊन ऐकलंय. त्याच्यावर माझा राग नाही.

तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी ते वाचलं आणि डब्याच्या वेळी तुम्हाला विचारलं, "काय हो, बहिणीचं गाणं मधेच का बंद पडतं?" तुम्हाला लाज वाटली. म्हणून आता त्या जागांत कीबोर्ड भरायचा. ओळखीचा एक मुलगा आहे, दोन दिवसांत करून देतो, असं तुम्ही म्हणालात.

दादा, तुम्ही परीक्षण वाचलंत. गाणी ऐकलीत का?

इकडचंही सांगतो, म्हणजे मी फक्त गोड तेवढं लिहितो असं वाटायला नको. आण्णासाहेब गुरुजी दुकानात आले होते. म्हणाले, "पोरीनं देवाचं गावं. ही सोताचंच गाती. मेंढराचं, बाभळीचं, रुसलेल्या माणसाचं. ह्याला ओवी म्हनायचं का?" मी त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गुंडाळून त्यांच्या हातात दिला. घरी आल्यावर अक्काला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग कुणाचं गाऊ? त्यांचं त्यांनी गावं की."

तिला परीक्षणही वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरं लिवलंय. अर्धीच हायती." एवढंच. मग जेवायला वाढलं.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. कच्च्या कागदावर हा भाग मी खोडला होता.

ओवी कशी चालते हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. पुढचा ओळ टाकतो, मागचा तिचं शेपूट उचलतो आणि झील धरतो. तेवढ्यात पुढच्याला श्वास मिळतो आणि पुढची ओळ सुचते. अक्का पुढं आणि तुम्ही मागं, असं आपल्या घरात वर्षानुवर्षं चाललं. मी ढोलाशी. मला कुणी गायला सांगितलं नाही आणि मीही कधी तोंड उघडलं नाही.

सोलापूरला रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा अक्कानं आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही शनिवारी येतो म्हणालात. आम्ही तिथं जाऊन बसलो. तुमची मीटिंग निघाली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "ताई, मागं म्हणायला माझ्याकडं दोन मुलं आहेत, तासाभरात करतील." अक्का म्हणाली, "नको. मी गाते, जागा तेवढी मोकळी ठेवा. दादा सवडीनं येऊन म्हणतील." ती प्रत्येक ओळीनंतर थांबली ती तुमच्या मापानं थांबली. तुम्ही 'सावली कुणाला' हे शेपूट जेवढं लांबवायचात, तेवढी. मी समोर बसून बघत होतो. ओठ मिटून ती तुमची झील मनात म्हणत होती.

पुढच्या शनिवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्याही. नंतर तुम्ही फोन उचलणं कमी केलं. ऑफिसातल्या कुणीतरी तुमचा खांद्यावर घोंगडी घेऊन गातानाचा जुना व्हिडिओ बघितला होता आणि हसलं होतं, हे वहिनींनी आईला सांगितलं आणि आईनं मला. अक्काला मी सांगितलेलं नाही. तिनं शेवटी गाणी आहेत तशीच द्यायला लावली. तुम्ही न ऐकता चढवलीत.

तेव्हा ज्या जागेची तुम्हाला लाज वाटते ती जागा तुमची आहे. तिथं कीबोर्ड बसणार नाही.

मागच्या आठवड्यात तेरला मामांनी बिरोबाच्या देवळापुढं देवाचं जेवण घातलं. दुपारी पंगती उठल्यावर अक्काला गायला सांगितलं. तिनं ओळ टाकली,

"वाटंवरच्या बाभळी, तुझी सावली कुणाला?"

आणि थांबली, अल्बमात थांबते तशी. मागून एक पोरगा म्हणाला, "रेंज गेली वाटतं." लोक हसले. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. "पुढचं इसरली का काय?" अक्कानं मान खाली घातली नाही, पण ढोलाच्या दोरीवर ठेवलेला तिचा हात मला दिसत होता. बोटं पांढरी पडली होती.

तिसऱ्या ओळीला मी झील धरली. माझा आवाज फाटला. हसू अजून मोठं झालं. ढोलाची थाप चुकली. पण चौथ्या ओळीला पुन्हा धरली, कारण आता सोडली असती तर अक्का एकटी पडली असती. गाणं संपेपर्यंत धरून ठेवली. शेवटच्या ओळींना हसणारे गप्प होते. चांगलं झालं म्हणून गप्प होते की कंटाळून, हे मला सांगता येणार नाही.

धुरपदाबाई आत्या हात धुता धुता म्हणाली, "बिरदेवा, तुजा आवाज फुटक्या डब्यावानी हाय. पर येळंवर येतू. रामहरीचा लई गोड हुता. पर त्येची वाट बगावी लागायची."

अक्का परतीच्या एसटीत तिकीट काढताना कंडक्टरला म्हणाली, "दोन द्या. ह्यो माझा झीलकरी."

म्हणून कळवतो. गाणी काढू नका. ही विनंती समजू नका. काढलीत तरी सगळी गाणी माझ्याकडं आहेत आणि हायवेवरच्या टपरीवर थांबणारे टेम्पोवाले ती पेन ड्राइव्हवर भरून घेऊन गेलेत. एक जण तर हुमनाबादपर्यंत तीच लावतो. त्यांच्याकडून तुम्ही काय आणि कसं काढणार?

अल्बममधली जागा आम्ही भरणार नाही. ती कुणाची ते आम्ही कुणाला सांगत नाही, पण ऐकू सगळ्यांना येत राहील. पुढं परंड्याला कार्यक्रम ठरलाय. तुम्हाला यावंसं वाटलं तर या, घर तुमचंच आहे. मात्र समोर लोकांत बसावं लागेल. मागं आता मी आहे.

वहिनींना नमस्कार, श्रियाला आशीर्वाद.

आपला आज्ञेतला नसलेला,
पण भाऊच,
बिरदेव