दुसऱ्या हाताचा पट्टा

प्रिय रागिणी,

पट्टा बांधून उचललेलं वजन आपलं म्हणायचं का? हा प्रश्न मला आठवीतल्या जमुनाने विचारला.  आमच्या शाळेच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे ती वजनाच्या बारसमोर उभी होती. तिचे हात लहान आहेत. बार जमिनीवरून सुटला की तिची बोटं उघडतात. मी माझे कापडी पट्टे तिच्या मनगटांना बांधले, त्यांची टोकं बारभोवती गुंडाळून दिली आणि म्हटलं, आता ओढ. तिने पन्नास किलो घेतले आणि सरळ उभी राहिली. बाकीच्या पोरी ओरडल्या. ती मात्र बार खाली ठेवून पट्ट्यांकडेच बघत होती. म्हणाली, "मॅडम, हे म्या उचललं का पट्ट्यानं?" मी म्हटलं, "मले माहीत नाही." शाळेत मी असं बोलत नाही गं. मॅडम झाल्यापासून जपून 'मला' म्हणते. पण खरं बोलायची वेळ आली आणि तोंडात घरचीच भाषा आली.

तुला हसू येत असेल. अमरावतीच्या पॉवरलिफ्टिंगच्या हॉलमध्ये आपण याच गोष्टीवरून किती भांडलो! मी तेव्हा फार तत्त्वाची होते. हातात मावेल तेवढंच आपलं, बाकी सगळं उसनं, असं म्हणायचे. पाय तयार, पाठ तयार, आणि एकशेदहाला डावी मूठ सुटायची. एकदा तू चिडून म्हणालीस, "अवं, तुह्या मुठीपायी पाठीले कावून उपाशी ठेवून राहिली? तिले तं माहीत होऊ दे वजन काय असते!" दुसऱ्या मुलीला शिकवत असलेले गोपाल सर तिकडून म्हणाले, "रागिणी, तू वकिलीच कर बाप्पा, इथं कायले लोखंड घासतं?" पण निकाल त्यांनी तुझ्याच बाजूने दिला. सरावात जड वजनाला पट्टे वापरायचे. स्पर्धेत ते चालतच नाहीत, तिथे खडूची पावडर आणि आपली मूठ. त्या दिवशी मी पहिल्यांदा पट्टे बांधले आणि पाठीला खरंच कळलं.

पण एक हात बारला जखडला की दुसरा पट्टा गुंडाळायला हातच उरत नाही. म्हणून आपल्या हॉलची रीत होती, पहिला पट्टा जिचा तिने, दुसरा जोडीदारणीने. तू गुडघ्यावर बसायचीस, माझ्या डाव्या हाताचा पट्टा कचकन ओढायचीस आणि मनगटावर टिचकी मारून म्हणायचीस, "जा." त्या एका शब्दावर मी उचलायचे. पट्ट्याचा जोर किती आणि त्या शब्दाचा किती, हे मी तेव्हा कधी वेगळं करून पाहिलं नाही.

शाळेच्या नोकरीसाठी अकोल्यात आले आणि ते आपोआप वेगळं झालं. जठारपेठेतली माझी खोली चांगली आहे, घरमालकीण काही विचारत नाही. चांगली आहे म्हणते, कारण दुसरं काय म्हणायचं ते सुचत नाही. किशोरभाऊंच्या जिममध्ये बायकांची वेळ दुपारची. त्या वेळेला बाई म्हणून मी एकटीच असते. भाऊ भला माणूस आहे, मी आले की स्वतः बाहेर जाऊन बसतो. एकदा दारातूनच म्हणाला, "मॅडम, काही लागलं तं आवाज द्या." मला डाव्या हाताचा पट्टा बांधून हवा होता. पण त्यासाठी आवाज कसा द्यायचा? त्याला संकोच, मला त्याहून जास्त. मग मी पट्ट्याचं टोक दातात धरून ओढायला शिकले. जमतं आता. तोंडात खडू आणि घामाची चव राहते. उन्हाने पत्रा तडतडत असतो, मी वाकलेली असते आणि 'जा' म्हणायला कोणी नसतं. मनातल्या मनात म्हणून पाहिलं, पण आपणच आपल्याला म्हटलेलं काही लागू पडत नाही.

घरी भातकुलीला जाते तेव्हा मला यातलं काही सांगता येत नाही. बाबा एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगतात, "पोरगी अकोल्यात मॅडम आहे." आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, पगाराची नोकरी करणारीही पहिलीच. त्यांना मी तिथे रडवेली होते हे कसं सांगू? आई मागच्या वेळी माझे तळवे हातात घेऊन बसली होती. तिचे खुरप्याने झालेले, माझे बारने. म्हणाली, "इतकी शिकली तरी हाताले घट्टेच वं माय? याच्यासाठी शिकोलं का तुले?" मग स्वतःच हसली आणि खोबरेल तेल घेऊन आली.

तू पाठवलेला तुझ्या नव्या जोडीदारणीचा, पौर्णिमाचा व्हिडिओ पाहिला. सुरुवातीला नुसते दोन हात दिसतात, तिच्या डाव्या मनगटाचा पट्टा गुंडाळणारे. चेहरा दिसत नाही, पण ती बोटं मी ओळखते. मग टिचकी, मग 'जा'. तिने छान उचललं. पाठ अगदी सरळ होती. मी तुला अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

त्याच आठवड्यात सरांनी हॉलवरच्या मुलींसाठी मदतनीस प्रशिक्षकाची जागा आहे म्हणून सांगितलं. पाठोपाठ तुझा निरोप आला, "ये ना वापस. तुही जागा ठेवून राहिली मी. कधी येऊन राहिली?" मी तो किती वेळा ऐकला ते विचारू नकोस. घरमालकिणीला काय सांगायचं, हेही मनात जुळवून ठेवलं होतं.

मग परवा एक गोंधळ झाला. मधल्या सुट्टीत सरांचा फोन आला. निवड चाचणी जवळ आली, आता पट्टे बंद कर, मूठ तयार कर, म्हणाले. मी व्हरांड्यात उभी राहून म्हटलं, "हो सर, सोडूनच देऊन राहिली आता. जड जाईन, पण सोडतो." आमच्या शिपाईण माणिकबाई शेजारी माठ भरत होत्या. शेवटची घंटा होईपर्यंत शाळाभर झालं, की खेळाच्या मॅडम सोडून चालल्या. मोठ्या मॅडमनी बोलावलं, "माधवी, निदान मला आधी सांगायचंस." बाहेर माणिकबाई सगळ्यांना ठासून सांगत होत्या, "म्या आपल्या कानानं आयकलं!"

ते पट्ट्यांबद्दल होतं, एवढंच तर म्हणायचं होतं. किती सोपं वाक्य! पण ते माझ्या तोंडून निघेना. कारण माणिकबाईंनी ऐकलं ते चुकीचं होतं, तरी खोटं नव्हतं.

शेडमध्ये पोरी बारला हात न लावता उभ्या होत्या. जमुना पुढे आली. माझे पट्टे तिच्याकडे होते, ते तिने माझ्यासमोर धरले. "जाऊन राहिल्या तं हे घेऊन जा. आमाले नोको."

"तुले कोण म्हणलं मी जाऊन राहिली?"

"मंग माणिकबाई का खोटं बोलली?"

"खोटं नाही बोलली. मीच अर्धं बोलली."

"मंग बाकीचं अर्धं सांगा."

मी पट्टे तिच्या हातातून घेतले आणि बाजूला ठेवले. मी तिला बारसमोर उभं केलं, पट्ट्यांशिवाय. चाळीसला तिची बोटं उघडली. पुन्हा केलं, पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी ती रडली, पण बार सोडून गेली नाही. बाकीच्या चौघी तिच्याभोवती गोळा होऊन ओरडत होत्या, "धर वं, धर!" मी भिंतीला टेकून पाहत होते. मला तुझी आठवण आली. इतकी, की मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

रागिणी, हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू तुझ्या आवाजात एकदा जरी "येऊन राहिली का?" म्हणाली असतीस, तर मी हो म्हटलं असतं. म्हणून पत्र. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणूनही. काल सकाळी मी गोपाल सरांना नाही म्हणून कळवलं आणि त्या जागेसाठी पौर्णिमाचं नाव सुचवलं.  मग दुपारी मी क्रीडा कार्यालयात गेले आणि निवड चाचणीसाठी नाव नोंदवलं. जिल्हा विचारला तेव्हा मी अमरावती नाही, अकोला सांगितलं.

कुठल्याही जिल्ह्याकडून उतरले तरी तुझीच,
माधवी