काकूंच्या फोटोसाठी कागद

बोरगाव मेघे,
१४ एप्रिल २०२५

ती. स्व. काकांस,
आचलचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली काकूंची निगेटिव्ह मिळाली. कुठेही ओरखडा नाही. फोटो त्यांच्या वर्षश्राद्धाला, २८ मेला हवा, म्हणजे सहा आठवडे आहेत. पण ऊन वाढत चाललंय, म्हणून कागद आत्ताच ठरवायला हवा.

सोबत तीन पट्ट्या आहेत. तिन्हींवर फोटोचा तोच तुकडा छापलाय. डार्करूमच्या अंधारात ओळखू याव्यात म्हणून मी कोपऱ्यांना खाचा पाडते. एक खाच म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला कागद. चार मिनिटांत धुऊन होतो. दोन खाचा म्हणजे मॅट फायबर, तुमच्या स्टुडिओत असायचा तसा. तीन खाचा म्हणजे चकचकीत फायबर. फायबर नुसता जाड कागद असल्यामुळे रसायन पिऊन बसतो आणि तासभर धुवावा लागतो. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो आणि टाकीतलं पाणी तेहतीस अंशांवर असतं. त्यात कागदावरचा थर सुटू लागतो. तरी फायबर हवा असेल तर करीन. माझं मत आधी सांगत नाही. पट्ट्या उजेडात पाहा आणि कळवा.

बाबा विचारत होते, फोन का करत नाही. पट्ट्या फोनवरून जात नाहीत, असं सांगितलं.

लोभ आहेच, तो तसाच राहावा.

आपली,
आचल

*

अल्लीपूर,
१९ एप्रिल

चि. आचलले,
काकाचे अ. उ. आ.

पट्ट्या भेटल्या. दोन खाचांचाच घे, त्यात विचारायचं काय? प्लास्टिकवाला हाताले लग्नपत्रिकेसारखा लागते. चकचकीत पासपोर्टच्या फोटोले ठीक. हिंगणघाटले स्टुडिओ होता तवा तुया काकूचा हरेक फोटो मी मॅटवर, अन् नरम ग्रेडवरच छापला. दोन खाचांत तिचे डोळे किती निवांत उतरले, पाहलं ना तू?

सूनबाई मोहिनी म्हणते, आचलताई दिवसभर लॅबमदी दुसऱ्याचं पाणी तपासते अन् घरी तिच्या नळाले पाणी नाई. इकडं येजो म्हणते, आपली विहीर हाये.

माया करतच हाये, तू पत्र लिहीत राह्य.

तुझा,
प्रभाकर काका

*

बोरगाव मेघे,
२५ एप्रिल

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ओळी उजवीकडे वर चढत गेल्यात आणि दोन ठिकाणी एकमेकींवर आल्यात.

पट्ट्यांवर काकूंचे डोळे नव्हते. मी छापला तो मांडीवर ठेवलेल्या हातांचा तुकडा. तिन्ही पट्ट्यांवर तोच. तुम्ही कागद बोटांनी ओळखलात.

यावरून मी काही ठरवत नाही, विचारते. तुम्हाला किती दिसतं? मोघम लिहू नका. मोहिनीवहिनी दारात उभी असेल तर तिचं काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते कळवा. त्याशिवाय कागद ठरत नाही. या आठवड्यात तीनदा डेव्हलपरचं रसायन ट्रेमध्ये ओतलं आणि काही न छापता फेकून दिलं. असं मी एरवी करत नाही.

रागावू नये, एवढी विनंती.

आपली,
आचल

*

अल्लीपूर,
२ मे

चि. आचलले,
अ. उ. आ.

मी सांगून राह्यलो अन् मोहिनी लिहून राह्यली. रागावलो होतो. चार दिवस तुयं पत्र गादीखाली ठेवलं, मग इलाज नव्हता.

दिवाळीपासून नजरेतलं मधलं गेलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार हाये. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाई, राह्यलं तेही हळूहळू जाईन. मोहिनी दारात उभी राह्यली का चौकट दिसते, पदर दिसते, हातातल्या बांगड्या दिसते. तोंडाच्या जागी धूर. ती म्हणते, बाबाजी, बरंच हाये, माया रोजचा राग दिसत नाई तुमाले.

श्राद्ध हा बहाणा होता, बेटा. कडेचं हाये तोवर तुया काकूले एकदा पाहून घ्यायचं होतं. घरातले जुने फोटो सारे पुसटच दिसते. नवीन कागदावर दिसन असं वाटलं.

तुया बापाले सांगू नको. तो गाडी घेऊन येईन अन् मले दवाखान्या-दवाखान्यानं फिरवीन.

आशीर्वादाशिवाय द्यायले काई नाई, तो घे.

प्रभाकर काका

*

बोरगाव मेघे,
१७ मे

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

सोबत फोटो आहे. तुमचं ऐकलेलं नाही.

मॅट कागदावर काळा रंग राखाडीवर थांबतो, म्हणूनच जुने फोटो तुम्हाला पुसट दिसतात. हा तीन खाचांचा चकचकीत फायबर आहे. पण काचेवर न चिकटवता जाळीवर वाळवलाय, म्हणजे चकाकी जाते आणि काळा तसाच गडद राहतो. ग्रेड चार नंबरची, सगळ्यात कडकच्या एक खाली, म्हणजे काळं-पांढरं ठळक वेगळं उतरतं; नरम ग्रेडवर ते एकमेकांत मिसळतं. तुमची निगेटिव्ह कोणी कापून छापायची नाही, हा तुमचा नियम मला माहीत आहे. मी फक्त चेहरा घेतला, बारा बाय पंधरा इंच.

धुण्यासाठी पाणी दोन माठांत निववलं आणि दर पाच मिनिटांनी बदललं, बारा वेळा. पहिल्या दोन प्रतींना फोड आले. तिसरी नीट उतरली.

सकाळच्या उजेडात पाहा. काकूंकडे सरळ पाहू नका. नजर फोटोच्या चौकटीवर, त्यांच्या कानाच्या बाजूला ठेवा.

बाबांना सांगितलं आहे. ते रविवारी येतील.

माझ्यावरचा लोभ यानंतरही टिकावा.

आपली,
आचल

*

अल्लीपूर,
२३ मे

चि. आचलले,
अ. उ. आ.

तुया बापानं नागपूरच्या डोळ्याच्या दवाखान्याची तारीख घेऊनच पाय ठेवला. जाईन म्हटलं. ते राहू दे.

नऊ वाजता मोहिनीनं फोटो ओसरीत उभा केला. सरळ पाहलं त धूर. तू लिहिलं तसं चौकटीकडं पाहलं, अन् ती कडेनं आली. नथ आली, भुवई आली. डोळ्याखालचं काळं आलं.

आमचा कैलास तवा सहा महिन्यांचा होता, रातभर झोपू देत नव्हता. दिवसा मी तिले स्टुडिओत नवा लाइट पाहायले बसवून ठेवत होतो, तास तास. गिऱ्हाइकांले सांगत होतो का नरम कागदानं रूप खुलते. तिचं थकणं मले निगेटिव्हमदी तवाच दिसलं होतं, आचल. ते पुन्हा पाहावं लागू नाई म्हणून मी जन्मभर तिले नरम छापलं.

कैलास म्हणते, आई लई काळी आली, श्राद्धाले एक नरम कॉपी मागवा. मी नाई म्हटलं. हाच लागन.

निगेटिव्ह तुयाजवळच ठेव. उद्या मी सोता मागितली तरी नरम छापून देऊ नको.

तू कडक हायेस, तशीच माया ठेव.

तुझा,
प्रभाकर काका